दहा गुणांची देशसेवा

देशसेवेची हाक कुणाला कुठून येईल, सांगता येत नाही. मला ती कॉलेजच्या नोटीस बोर्डावरून आली आणि हाकेच्या शेवटी कंसात '१० गुण' असं लिहिलेलं होतं. त्या वर्षी कॉस्टिंग या विषयाने माझ्याशी उभा दावा मांडला होता. सहामाहीचा पेपर बघून घरात कुणी ओरडलंसुद्धा नाही, एवढे कमी गुण होते. त्यामुळे राष्ट्रीय सेवा योजनेच्या फॉर्मवर 'सहभागी होण्याचा उद्देश' या रकान्यात मी 'ग्रामीण भारत जवळून पाहणे' असं लिहिलं आणि सही ठोकली.

ही योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती चालू केली. तरुणांनी गावात जावं, हातात टिकाव-खोरं घ्यावं, पुस्तकाबाहेरचं जग बघावं, असा विचार. ब्रीद काय, तर 'मी नव्हे, तुम्ही'. एवढ्या थोर माणसांनी एवढा थोर विचार केला आणि त्याच्या पदरात पडले कोण, तर कॉस्टिंगवाले. छातीवर लावायला एक बिल्ला मिळाला. त्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे आणि चाकाचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. आठही प्रहर सेवेला तत्पर, असा त्याचा अर्थ आमच्या सरांनी सांगितला. मी तो उभ्या उभ्या डुलक्या घेत ऐकला, कारण दुपारची वेळ होती.

हिशेब असा, की वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. कॉलेजच्या आवारातला पालापाचोळा वर्षभर इकडून तिकडे करून तासांची सोय होते. शिबिराला मात्र खरंच जावं लागतं. आमचं दत्तक गाव होतं मंद्रूप. आम्ही गाव दत्तक घेतलंय, हे ऐकायला किती छान वाटायचं! गावाला विचारलं असतं तर कोण कुणाच्या ओटीत बसलंय, ते कळलं असतं.

मी राहायला जुळे सोलापुरात. म्हणजे विजापूर रोडला लागून. मंद्रूप त्याच रोडवर पुढे पंचवीसेक किलोमीटर. पण आईने जी तयारी केली ती बघून शेजारच्या काकूंनी "परदेशी चाललीय का?" असं विचारलं. स्वेटर, ओडोमॉस, ओआरएसची पाकिटं आणि डबाभर शेंगाचटणी, वर कडक भाकरीची थप्पी. "खेड्यात काय मिळतंय, काय नाही," असं आई म्हणाली. शेंगा, ज्वारी आणि भाकऱ्या थापणारे हात सोलापूरला ज्या बाजूने येतात, त्याच बाजूला ती हा माल परत पाठवत होती.

माझ्या मनातलं गाव सिनेमातलं होतं. चार झोपड्या, एक विहीर आणि आमच्याकडे आशेने बघणारे डोळे. एसटीतून उतरलो तर समोर मोबाइलची दुकानं, दवाखाने, बँक, पोलीस ठाणं आणि एक ब्यूटी पार्लर. आमच्यातल्या दोघी दुसऱ्याच दिवशी तिथे आयब्रो करून आल्या. आमच्याकडे आशेने बघितलं ते फक्त रिक्षावाल्याने.

मुक्काम शाळेच्या वर्गांत. पहाटे साडेपाचला शिट्टी, प्रार्थना, मग प्रभातफेरी. 'युवकांचा ध्यास, ग्राम-शहर विकास' ही घोषणा सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक कुत्र्याला पाठ असावी, कारण आम्ही तोंड उघडलं की ती भुंकून साथ द्यायची. आवाज मोठा म्हणून मला पुढे ठेवलेलं. पहिल्या दिवशी एका गल्लीत वळलो आणि समोरून एक माणूस येताना दिसला. डोक्याला मफलर, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात, खांद्यावर खोरं. मी त्याच्याकडे बघून जोरात घोषणा दिली, "उठा, जागे व्हा!"

तो थांबला. म्हणाला, "रात्रभर जागाच हाय बाई. लाइट रातची हाय की या हप्त्यात. दारं मोडून आलो आत्ता. आता जरा झोपू द्या."

शेतीपंपाची वीज आठवडा आठवड्याने दिवसा-रात्री फिरते, रात्रीची पाळी आली की थंडीत, सापा-विंचवात, बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यावं लागतं, हे मला त्या क्षणी कळलं. ग्रामीण भारत इतका जवळून पाहायचा माझा उद्देश नव्हता. पुढची गल्ली आम्ही घोषणा न देता, पायांचा आवाजही न करता पार केली. देशातली ती पहिलीच मूक प्रभातफेरी असेल.

सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक. बौद्धिकात व्याख्याते बोलतात आणि स्वयंसेवक झोपतात. हे काम मी कुणाच्याही मदतीशिवाय केलं. बौद्धिक संपलं की सर्वेक्षण. त्यासाठी चार पानी छापील फॉर्म होता. घरात माणसं किती, शौचालय आहे का, पिण्याचं पाणी कुठून येतं, बायोगॅस, व्यसन, वार्षिक उत्पन्न. आमच्या गटाच्या वाट्याला जी गल्ली आली तिच्या टोकाला एक आजोबा कट्ट्यावर बसलेले. मी घसा साफ करून सुरुवात केली, "आजोबा, आम्ही राष्ट्रीय सेवा…"

"बस की. माणसं सात. दोन गडी, तीन बायका, दोन बारकी. लिही."

मी लिहिलं.

"शौचालय हाय. वापरतो. त्याच्या खालती बायोगॅसचं विचारलंय, ते नाही म्हणून लिही. आता पान उलट. हां. रेडिओ का टीव्ही? टीव्ही."

मी पान उलटायच्या आत आजोबा पुढच्या प्रश्नावर पोचलेले असायचे. उत्पन्नाच्या रकान्यापाशी मात्र ते थांबले आणि घराकडे तोंड करून ओरडले, "अगं, मागच्या साली उत्पन्न किती सांगितलेलं गं पोरांना?" आतून आकडा आला. तोच लिहिला. मी विचारलं, दरवर्षी येतात का मुलं? "येत्यात की. कधी तुमचं कॉलेज, कधी दुसरं, कधी बँकवाले. फॉर्म एकच हाय." मग मला जरा बघून म्हणाले, "तुझं अक्षर बरं हाय. मागच्या पोराचं डॉक्टरासारखं होतं."

आजोबांच्या घरात कन्नड चालतं, अर्ध्या गावात चालतं. भीमा ओलांडली की कर्नाटक, त्यामुळे माणसं एका वाक्यात दोन राज्यं फिरून येतात. आजी बाहेर आल्या. सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. "बा तंगी," म्हणून त्यांनी मला आत नेलं, ताट वाढलं आणि माझी मुलाखत घेतली. घरात माणसं किती, वडील काय करतात, पाणी रोज येतं का. "नाही," मी म्हटलं, "चार-पाच दिवसांनी येतं." सोलापूरकरांना यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. पण अव्वांचा हात वाढता वाढता थांबला. टाकळीजवळ भीमेतून उचललेलं पाणी याच रस्त्याच्या बाजूने शहराकडे जातं, हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. "आमच्या उशाखालून जाऊन तुमाला चार दिसानं?" त्या म्हणाल्या. "मग शिबिर तुमच्याकडंच घ्यायचं की गं."

आता खड्ड्याकडे येते. त्याला फार टाळता येणार नाही.

सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणायचे होते. साधारण मीटरभर लांब, तेवढाच रुंद आणि खोल खड्डा, त्यात खाली दगड, मग विटांचे तुकडे, वर वाळू. पाणी जिरतं, डास कमी होतात. सगळं पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं होतं. मी ती पुस्तिका वाचली होती. गटात वाचलेली मी एकटीच, त्यामुळे आपोआप तज्ज्ञ झाले. जागा निवडली आजोबांच्या मोरीच्या मागे. आजोबा कट्ट्यावरून म्हणाले, "तिथं काळी हाय, मुरूम नाही. काळी पाणी पीत नाही, धरून बसती." मी त्यांना पुस्तिकेतलं चित्र दाखवलं. त्यांनी ते नीट बघितलं आणि म्हणाले, "यात माती तांबडी दिसलालीय की."

चित्र रंगीत होतं, हा मुद्रकाचा दोष आहे असं मी मनात ठरवलं.

टिकाव उचलायचा तर तो आधी जमिनीवरून सुटायला हवा. माझा सुटला, डोक्यामागे गेला आणि मलाच घेऊन मागे चालला. दुसऱ्या वेळी नीट समोर पडला, पण काळ्या मातीने तो असा धरला, की काढायला दोघांना बोलवावं लागलं. थोड्या वेळात तळहातावर फोड आले. ते मी सगळ्यांना दाखवले. कट्ट्याजवळून डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन जाणाऱ्या एका बाईंनाही दाखवले. त्यांनी एका हाताने भारा सावरून ते वाकून पाहिले आणि "अगं बाई" म्हणाल्या, हे त्यांचं मोठेपण.

माझ्या अंगात वीरश्री संचारली ती त्यानंतर. दात-ओठ खाऊन मी एक घाव असा घातला, की जमिनीतून थेट कारंजं उडालं. क्षणभर मला वाटलं, पाणी लागलं. खरं सांगते, मनात वर्तमानपत्राचा मथळासुद्धा तयार झाला. मग आजोबा शांतपणे म्हणाले, "नळाची पाइप होती ती."

ती गल्लीत पाणी यायची वेळ होती आणि ते नुकतंच सुटलं होतं. मिनिटभरात घागरी, बादल्या, कळश्या, एक कुकरसुद्धा आला. खड्ड्याभोवती रांग लागली. कुणी चिडलं नाही, उलट एक काकू म्हणाल्या, की नळापेक्षा इथे प्रेशर बरं आहे. आमचे सर धावत आले, त्यांनी कारंजं बघितलं, मला बघितलं आणि छायाचित्रकाराला हळूच सांगितलं की इकडचे फोटो नकोत. शेवटी अव्वांनी घरातून सायकलची जुनी ट्यूब आणली, कात्रीने लांब पट्टी काढली आणि चिखलात बसून फुटलेल्या पाइपवर अशी ताणून गुंडाळली, की धार बंद. आम्ही टाळ्या वाजवल्या. अव्वांनी लुगड्याला हात पुसले आणि खड्ड्याकडे बोट दाखवलं. खड्डा काठोकाठ भरला होता आणि काळी पाणी धरून बसली होती. सांजेपर्यंत म्हैस त्यात उतरली. तिला मात्र आमचं काम मनापासून पटलं.

दुसऱ्या दिवसापासून माझी बदली स्वयंपाकाच्या तुकडीत झाली. भाकरी थापायला गावातल्या दोन मावश्या यायच्या. पाणी कडकडीत उकळून पिठात घालायचं, परातीत तळहाताने मळायचं, थापताना गोळा गोल फिरत राहिला पाहिजे. माझा फिरायचा नाही, एका दिशेला सरकायचा. तव्यावर टाकताना त्याचे दोन देश झाले. मी म्हटलं, "मावशी, ही कडक भाकरी समजा." मावशींनी ती वाजवून पाहिली. कडक भाकरी पापडाइतकी पातळ, खुटखुटीत लागते, महिनोन् महिने टिकते. "ही बी टिकल," त्या म्हणाल्या, "कोण खाणारच नाही."

शिबिरात एक दिवस सहलीचा असतो. आम्हाला हत्तरसंग-कुडलला नेलं, भीमा आणि सीना यांच्या संगमावर. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा लेख आहे. मराठीच्या आद्य लेखांत त्याचं नाव घेतलं जातं. सोलापूरचे आनंद कुंभार या अभ्यासकाने तो उजेडात आणला. शिक्षणाने किंवा पेशाने प्राध्यापक नसलेला हा माणूस उन्हातान्हात जिल्हाभर दगड वाचत फिरला, हे ऐकून मी भारावले. हा लेख जो वाचेल तो विजयी होईल, असा काहीसा त्याचा आशय आहे, असंही कळलं. कॉस्टिंगचा पेपर डोळ्यांपुढे आला. मान वर करून, मोडेपर्यंत, मी ती अक्षरं लावायचा प्रयत्न केला. एक अक्षर लागेना. परतीच्या वाटेवर मान एकाच बाजूला वळत होती आणि त्या बाजूला खिडकीत सर बसले होते, त्यामुळे माझं त्यांच्याकडे फार लक्ष आहे असा त्यांचा समज झाला. प्रामाणिक स्वयंसेविका म्हणून समारोपात माझं नाव घेतलं गेलं, ते बहुधा त्यामुळेच.

समारोपाला सरपंच बोलले, सर बोलले, हार झाले. आम्ही गावासाठी काय केलं याची यादी वाचली गेली. तीत 'शोषखड्डे' असं अनेकवचन होतं. मागच्या रांगेत आजोबांनी मान हलवली, ती कोणत्या दिशेने हे मला माझ्या मानेमुळे नीट दिसलं नाही. अव्वांनी जाताना पिशवीभर हुरडा दिला. आईला सांगितलं, खेड्यात मिळतं सगळं.

दहा गुणांनी कॉस्टिंगमधून मी वर आले. पण १२० तास झाले होते, २४० व्हायचे होते. त्यात मी गटप्रमुख झाले, म्हणजे पुढच्या थंडीत पुन्हा मंद्रूप. नव्या पोरांना घेऊन, हातात नवी पुस्तिका धरून त्याच गल्लीत शिरले. आजोबा कट्ट्यावरच होते. लांबूनच त्यांनी मला ओळखलं आणि अंगणातल्या बारक्याला हाक मारली, "ए, मोटर बंद कर बे, पाइपवाली आली!"

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "खड्डा मोरीपाशी नको, रस्त्याच्या कडंला मुरूम लागलाय. कालच जेसीबीवाल्याला सांगून काढून ठेवलाय. पोरांना म्हणावं, वरवरची चार टोपली माती उचला. फॉर्म मी भरून ठेवतो, दे इकडं. फोटो झाला की लगेच जेवायला या, गरगट्टा गार झाला की अव्वा चिडती."

मी शिट्टी वाजवली आणि पोरांना रांगेत उभं केलं.