चलेम चूकभ चागलील!

ऐकलंत का? कुणाच्या घरातलं बाहेर काढायची मला सवय नाही, पण हे प्रकरण आता आमच्या गच्चीपुरतं राहिलेलं नाही, म्हणून सांगते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आणि इकडे अमरावतीला, आमच्या राजापेठेतल्या घरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली भाची भर दुपारी जिन्यातून ओरडली, ‘चामीम, चलेम चूकभ चागलील!’

मी लाटणं खाली ठेवलं. शेजारच्या काकूंना वाटलं, पोरीला ऊन लागलं. त्या कांदा घेऊन धावत आल्या.

ऊन नव्हतं हो. ‘च’ची भाषा होती. अकोल्याहून येताना भाचीने ती सोबत आणली आणि डोळे येतात तशी चार दिवसांत गल्लीतल्या सगळ्या पोट्ट्यांना लागली. ‘मामी, मले भूक लागली’ एवढंच तिला म्हणायचं होतं. शब्दाचं पहिलं व्यंजन उचलायचं, शेपटीला नेऊन टाकायचं, रिकाम्या जागी ‘च’ बसवायचा. काना-मात्रा जिथल्या तिथे. ‘पाणी’चं ‘चाणीप’, ‘शाळा’चं ‘चाळाश’. मराठीच्या पेपरात व्याकरणाचे गुण घालवून आलेली ही मंडळी हा नियम इतका कडक पाळतात की एकीने ‘प्रश्न’चं ‘चश्नप’ केलं तर बाकीच्या तुटून पडल्या. जोडाक्षर फोडायचं नाही, ‘चश्नप्र’ म्हणायचं!

पंथही पडलेत. ‘आई’मध्ये शेपटीला टाकायला व्यंजनच नाही, मग काय करायचं? अकोल्याचा पक्ष म्हणतो ‘चाईआ’, अमरावतीचा म्हणतो नुसतं ‘चाई’. यावर टाकीच्या सावलीत अर्धा तास शास्त्रार्थ चालला. तोवर जिची चर्चा, ती आई खालून जेवायला हाका मारत होती.

बरं, या ‘च’चेही लाड आहेत. मी जिन्यात उभी राहून कान दिला (उभी होते, चोरून ऐकत नव्हते). ‘मी’चं ‘चीम’ करताना जीभ टाळूला लागते, ‘चिमणी’तल्यासारखी. ‘मले’चं ‘चलेम’ करताना तोच ‘च’ दातांमागे सरकतो, ‘चमचा’तल्या पहिल्या ‘च’सारखा. हे कुणी शिकवलं नाही. भाषा नवी काढली, पण जिभेला वळण आईच्या स्वयंपाकघरातलंच.

आता खरी लाजेची गोष्ट. ‘तू’ हे निष्पाप सर्वनाम या नियमात घालून बघू नका. घातलंत तर मोठ्याने म्हणू नका. मी जेवणाच्या ताटावर म्हटलं, आणि सासऱ्यांनी पेपर तोंडापुढे उभा धरला. पोट्ट्यांमध्ये मात्र हा शब्द वर्ज्य असल्याचा दंडक मोठ्या बहिणींपासून चालत आलेला आहे. त्याचा परिणाम काय? एरवी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या सख्ख्या बहिणी गच्चीवर ‘चुमीत’, म्हणजे ‘तुमी’, असं अदबीने बोलतात. मोठ्यांच्या धाकाने झालं नाही ते एका ‘च’ने करून दाखवलं.

पण कुलूप कितीही मजबूत असो, फट राहतेच. ‘च’पासून सुरू होणाऱ्या शब्दाचं काय? ‘चहा’ची पहिली जागा ‘च’ने भरली, उरलेला ‘च’ शेपटीला गेला: ‘चहाच’. झालं उघडं! ‘चटणी’ची ‘चटणीच’, ‘चकली’ची ‘चकलीच’. खाऊच्या डब्यावर डाका घालायचा बेत मला कळला तो असा.

दुसरी फट याहून मोठी. पुण्याची एक चुलत बहीण दोन दिवस आली होती. ती म्हणे ‘चलाम’, या म्हणत ‘चलेम’. ती ‘चाळाक’, या ‘चायाक’, कारण आमच्याकडे काळा हा काया असतो. ‘पाहून राह्यली’चं ‘चाहूनप चाह्यलीर’ झालं, तरी ते आमचं ‘राह्यली’ पडद्याआडून हात हलवतंच. शब्द लपला, गाव लपेना. बडनेऱ्याच्या स्टेशनावर या पोरी असं बोलल्या, तर हमालसुद्धा सांगेल की ही बोगी वऱ्हाडातली आहे.

मी हे सगळं तावातावाने सासऱ्यांना सांगितलं. ‘तुमच्या वेळी होती का अशी थेरं?’ ते गप्प. मग सासूबाईंनीच फोडलं. अकोल्याच्या बैलबाजारात हे गृहस्थ तरुणपणी दलालाच्या हातात हात देऊन, वरून रुमाल टाकून सौदे करत. तोंडाने चकार शब्द नाही, रुमालाखाली नुसती बोटं दाबायची. एक बोट धरलं म्हणजे एक, दहा की शंभर, ते समोरचा बैल बघून समजायचं. उच्चार शून्य आणि व्याकरण सगळं बोटांत! याला ‘हत्ता’ म्हणत. आणि हेच आता पेपरामागे लपतात.

म्हटलं, मग या लपवालपवीच्या मुळापासूनच बघू. तर मूळ निघालं अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते इथे. मराठी भाषा विद्यापीठही आता इथेच आहे. म्हाइंभटांच्याच महानुभाव पंथात, चौदाव्या शतकात, रवळोबासांनी ‘सकळ’ लिपी काढली. ग्रंथ अनधिकारी हातांत पडू नयेत म्हणून अक्षरांचीच अदलाबदल केली. पुढे ‘सुंदरी’सारख्या आणखीही लिप्या आल्या. गंमत बघा, पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी, त्यांनी धर्म सांगितला तो सगळ्यांना कळणाऱ्या मराठीत, आणि पोथ्या गेल्या कुलपात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे-भाव्यांसारख्या संशोधकांच्या हाती किल्ली लागेपर्यंत बाहेरच्या जगाला हे साहित्य जवळजवळ वाचताच येत नव्हतं. एवढी शतकं टिकलं गुपित! आमच्या पोट्ट्यांचं चार दिवसांत चहाने फुटलं.

बाहेरच्या जगात तर या नादाला पैसे मिळतात. ‘बाहुबली’तल्या कालकेयांसाठी मदन कार्कींनी ‘किलिकी’ घडवली, चित्रपट आला २०१५ ला. ‘अवतार’साठी पॉल फ्रॉमर नावाच्या भाषातज्ज्ञाने ‘नावी’ भाषा केली, तो २००९ चा. त्यांना मानधन, आमच्यांना धपाटा.

आता तुम्ही विचाराल, मला एवढं बारीक कसं कळलं. सांगते, पण पुढे जाऊ देऊ नका. सातवीत असताना मागच्या बाकावर आम्ही याच भाषेत बाईंच्या नव्या साडीचा समाचार घेत होतो, आणि बाईंनी फळ्याकडे तोंड ठेवूनच त्याच भाषेत उत्तर दिलं होतं. त्या दिवसानंतर वर्गात ‘च’ची भाषा कुणी बोललं नाही.

ते आठवलं आणि मोह आवरला नाही. संध्याकाळी चहाचा ट्रे घेऊन गच्चीवर गेले आणि म्हटलं, ‘चाऊनक चोट्ट्यांनोप, चहाच चाहिजेप?’

स्मशानशांतता. भाचीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिची वही उघडून वाचली. मोठ्यांना येऊ लागली की ती भाषा संपली, हा या व्याकरणाचा शेवटचा नियम.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यातून नवीन आवाज. ‘च’ गेला, ‘र-फ’ आला होता. एक अक्षरही कळू नये असा बंदोबस्त होता. पण पहिलाच शब्द ऐकला, ‘मरफले’, आणि मी निश्चिंत होऊन पोळी उलटली. ‘मले’ शाबूत होतं.