तेवीस किलोंचं धनुष्य

नॉटिंगहॅममध्ये बावीस वर्षं काढूनही मी धनुष्याला हात लावला नव्हता. पंढरपुरात जन्म गेला पण टाळ कधी धरला नाही, असं सांगणाऱ्याकडे आपण जसं बघू, तसं इथले लोक माझ्याकडे बघत असावेत. या गावात बसच्या कार्डालासुद्धा रॉबिन हूडचं नाव. किल्ल्याबाहेर १९५२ पासून ब्राँझचा रॉबिन हूड दोरी ताणून उभा आहे आणि त्याचा बाण अधूनमधून कोणीतरी काढून नेतं. त्याचा वैरी शेरीफही अजून आहे. म्हणजे पद आहे, मुंबईच्या नगरपालासारखं, समारंभापुरतं.

पण मला मोह पडला तो रॉबिन हूडचा नव्हे, फुकटच्या लाकडाचा. शेजारच्या बाईंच्या परसात ॲशचं जुनं झाड होतं. ते शेंड्याकडून वाळत चाललं होतं. ॲशच्या झाडांना मारणारी एक बुरशी २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडली आणि तेव्हापासून गावोगावची झाडं पाडावी लागताहेत. “ही बुरशी मूळची पूर्व आशियातली,” असं म्हणून बाई क्षणभर माझ्याकडे बघत थांबल्या. मी पश्चिम महाराष्ट्रातला आहे, हे मी ताबडतोब स्पष्ट केलं. झाड पाडल्यावर बुंधा मात्र ठणठणीत निघाला. त्यातला सहा फूट लांब आणि मांडीएवढा जाड ओंडका मी मागून घेतला.

“याचं काय करणार आहात?” बायकोने विचारलं.

“धनुष्य.”

तिने तव्यावरची पोळी उलटली आणि गॅस मोठा केला.

साताऱ्याला फोन केला तर आई म्हणाली, “ॲश म्हणजे राख ना रे? राखेचं धनुष्य करतोस?” मग मी तिला समजावलं, की ॲश हे झाड आहे, आपल्याकडे होत नाही. त्याचं लाकूड चिवट, धक्का सोसणारं. कुदळी-फावड्यांचे दांडे त्याचे, वल्ही त्याची, क्रिकेटचे स्टंपसुद्धा त्याचे. “मग लहानपणी बांबूची कामटी वाकवून करायचास, तसा तीरकामठा कर की. सुतळी बांधली की झालं,” आई म्हणाली. मागून दादाचा आवाज आला, “त्याला सांग, आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला जगज्जेती झाली. हा चोपन्नाव्या वर्षी लाकूड शोधतोय.”

डर्बीशायरच्या रानात एक गृहस्थ शनिवार-रविवार लाकूडकाम शिकवतात, त्यांच्याकडे नाव घातलं. वय सत्तरीचं, हात ओंडक्यासारखे, बोलणं मोजकं. आमचे द्रोणाचार्यच म्हणा. फरक एवढाच, की त्यांनी अंगठा मागितला नाही, फी आगाऊ मागितली. अंगठ्याचा थोडा भाग मी पहिल्याच दिवशी आपण होऊन दिला. दोन मुठींचा एक सुरा असतो, तो आपल्याकडे ओढून लाकूड सोलायचं असतं. ते करताना हा विधी पार पडला.

ओंडका फाडायचा पाचर मारून. घण घातला, की ॲश धाग्याधाग्याने सरळ फाटत जातं आणि तो आवाज फार समाधानाचा असतो. मी आयुष्यात अनेकांच्या कामात पाचर मारली आहे, पण इतकी सरळ कधीच गेली नव्हती. चार फाळी निघाल्या. आता त्या वाळायला हव्यात. टोकांना रंग फासायचा, म्हणजे तडे जात नाहीत. उन्हात ठेवायच्या नाहीत, हीटरजवळ ठेवायच्या नाहीत, आणि दर रविवारी वजन करायचं. वजन घटायचं थांबलं, की लाकूड वाळलं. त्याप्रमाणे मी दर रविवारी न्हाणीघरातल्या काट्यावर एक एक फाळ घेऊन उभा राहायचो आणि मग माझं वजन वजा करायचो. लाकूड आठवड्याआठवड्याला हलकं होत गेलं. वजाबाकीतली दुसरी संख्या मात्र नऊ महिने जागची हलली नाही.

या काळात मी वाचनही पुष्कळ केलं, कारण वाचायला लाकूड लागत नाही. १३६३ साली राजा तिसऱ्या एडवर्डने सुट्टीच्या दिवशी धडधाकट माणसांनी धनुर्विद्येचा सराव करावा आणि फुटबॉलसारख्या निरर्थक खेळांत वेळ घालवू नये, असा हुकूम काढला होता. रविवारी गवत कापायला सांगितलं, की मी तो हुकूम बायकोला वाचून दाखवायचो. चौथ्या रविवारी तिने एवढंच विचारलं, की त्या राजाचं गवत कोण कापत होतं?

आता थोडं शरीरशास्त्र. धनुष्याला पाठ असते आणि पोटही असतं. निशाणाकडची बाजू ती पाठ, आपल्याकडची ते पोट. दोरी ओढली, की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. ॲशची पाठ कणखर असते, पण पोट दुबळं. जास्त दाब पडला, की ते दबून बसतं आणि दोरी काढली तरी बाक जात नाही. म्हणून ॲशचं धनुष्य दोन इंच रुंद आणि चपटं करायचं, म्हणजे दाब पसरतो. लाकूड सोलायला बसलो, की ते पोट माझ्या पोटासमोर असायचं. दोघांची अडचण एकच असल्याने आमचं जमलं.

पाठीचा नियम त्याहून सोपा: साल काढायची आणि खालच्या लाकडाला हात लावायचा नाही. खोडाचं एक वर्षाचं वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. गुरुजींनी हे तीनदा सांगितलं. पण साल काढल्यावर पाठ जराशी खडबडीत दिसत होती, आणि गुरुजी चहाला गेले होते. मी म्हटलं, हलका रंधा मारू. किती सुरेख गुळगुळीत झाली! दोरी चढवून जेमतेम वीतभर ओढली असेल, तेवढ्यात पाठीवर एक ढलपी उचकटली आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. झाडांवरचे सगळे कावळे उडाले. माझ्या हातात दोन तुकडे आणि एक दोरी उरली.

वातावरण हलकं करावं म्हणून मी गुरुजींना रामाची गोष्ट सांगितली. जनक राजाकडे शिवाचं जुनं धनुष्य होतं, भल्याभल्यांना ते हललंसुद्धा नाही, रामाने दोरी चढवायला घेतलं आणि ते मधोमध मोडलं. शेवटी रामाला सीता मिळाली. ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, “किती वर्षं वापरात नव्हतं?” मी म्हटलं, पिढ्यान् पिढ्या. “मग मोडणारच. लाकूड वाळून ठिसूळ झालं असणार. इतक्या जुन्या धनुष्याला दोरी चढवायचीच नसते. चूक त्या पोराची नाही, मालकाची.” इतकी कीर्तनं ऐकली, पण जनकाला जाब विचारणारा पहिला माणूस मला डर्बीशायरमध्ये भेटला.

दुसऱ्या फाळीची पाठ मी डोळ्यांत तेल घालून जपली. आता खरी परीक्षा, तिला टिलरिंग म्हणतात. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला आडवं टेकवायचं, दोरी कप्पीवरून खाली घ्यायची, हळूहळू ओढायची आणि चार पावलं मागे जाऊन बघायचं, की दोन्ही बाहू सारखे वाकतात का. ताठ असेल तिथलं लाकूड पोटाकडून कानशीने काढायचं. पुन्हा ओढायचं, पुन्हा बघायचं. किती जोर लागतो ते मोजायला मी घरून बॅगा तोलायचा आकडीचा काटा नेला होता. दर वर्षी भारतात जाणाऱ्या कुटुंबात तो असतोच. माझं लक्ष्य होतं तेवीस किलो. पन्नास पौंडांचं धनुष्य म्हणजे साधारण तेवढंच, आणि हा आकडा मला पाठ होता, कारण गेली बावीस वर्षं मी त्यातच लोणची बसवतो आहे.

डावा बाहू ताठ वाटला, थोडं घासलं. मग उजवा ताठ वाटू लागला, तो घासला. मग डावा. दोन मांजरं आणि लोण्याचा गोळा ही गोष्ट आठवली, पण तेव्हा माकड मीच होतो. लाकूड काढता येतं, परत चिकटवता येत नाही, ही या विद्येतली खरी गोम. एकोणीस किलो झाले, मग सोळा. तेराला उजव्या बाहूत एक जागा कोपरासारखी वाकू लागली. “बिजागरी झाली,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी ती फाळ भिंतीशी उभी करून ठेवली, डॉक्टर एक्स-रे बाजूला ठेवतात तशी. तिसरी फाळ पिळाची निघाली. ती आम्ही जाळून चहा केला. ॲश जळतंही छान.

चौथ्या फाळीचं धनुष्य झालं. हे मी मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहितो आहे.

दोन्ही बाहू सारखे वाकले, वाटोळ्या चंद्रकोरीसारखे. तेलाचा हात मारला, तागाची दोरी चढवली, अठ्ठावीस इंच ओढून काट्याकडे पाहिलं. साडेसात किलो. चेक-इन बॅग करायला घेतली होती, हातात केबिन बॅग आली. वीस यार्डांवर गवताचं निशाण होतं. माझा बाण चौदा यार्ड शांतपणे गेला आणि गवतात शिरला. तो शोधायला पाऊण तास लागला. घरी आल्यावर रॉजर ॲस्कम या विद्वानाचं १५४५ सालचं धनुर्विद्येवरचं पुस्तक उघडलं. त्याने लिहून ठेवलंय, की धनुष्याला यू हेच लाकूड, ॲश म्हणजे सुमार. ॲश बाणांना उत्तम. हे पान ओंडका आणण्याआधी वाचायला हवं होतं.

धनुष्य दिवाणखान्यात टांगलं आहे. बायको त्यावर ओली ओढणी वाळत घालते आणि वजन पेलतं, हे मान्य करते. मोडलेल्या पहिल्या फाळीचे दोन तुकडे आणि बिजागरीवालीचा एक, असे तीन मी अठ्ठावीस इंचांवर कापले, खाली टोकं काढली आणि गल्लीतल्या पोरांना स्टंप म्हणून दिले. स्टंपची जमिनीवरची उंचीही बरोबर अठ्ठावीस इंच, हे तेव्हाच ध्यानात आलं, त्यामुळे मातीत रोवल्यावर माझे जरा बुटके पडले. पोरांनी मान म्हणून पहिली बॅटिंग मला दिली. शेजारच्या बाईंच्या नऊ वर्षांच्या नातवाने दुसऱ्याच चेंडूवर माझा मधला स्टंप उडवला. तो बिजागरीवाला होता. मोडला नाही.