टेस्ट मेल थेट देवपुरात!

अहो, ऐकलंत का? पलीकडच्या वहिनींच्या धाकट्यानं घरात मेल सर्व्हर थाटला, ते तर तुम्हाला ठाऊकच. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर, त्यावर ते फुकटातलं लिनक्स, वर पोस्टफिक्स. भाऊजी तर रिंग रोडला भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या घरून डायरेक्ट ईमेल जातो!" आणि जात कुठे होता? धुळ्याच्या देवपुरातून आत्याबाईंचा रोज फोन, "मना मोबाईलमा काहीच उनं नही रे!"

वहिनी म्हणाल्या, लाइट ये-जा करते त्यानं बिघडलं. भाऊजींचा संशय उंदरावर. मीही डोकावले हो, भरीत द्यायला गेले होते ना... सोबत कळण्याच्या पुऱ्या... तर काय सांगत होते, काळ्या स्क्रीनवर ओळीमागून ओळ एकच, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. हे सर्व्हर एकमेकांशी पोर्ट २५ वर बोलतात, १९८२ पासूनची रीत. आणि घरगुती इंटरनेटवाले बाहेर जाणारा नेमका तोच पोर्ट बहुधा बंद ठेवतात, स्पॅमवाल्यांच्या कृपेनं. फोन केला तर म्हणे, "राउटर बंद करून चालू करा." घ्या!

बरं, पोर्ट उघडला तरी काय? घरच्या आयपीवरून उलटं शोधलं तर यांचं नाव निघत नाही, डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड नाही. अनोळखी स्थळ आलं की आपण विचारतोच ना, कोणाकडचे, मध्यस्थ कोण? मोठे मेलवाले तसेच. शेवटी वहिनींच्या भाच्यानं, तो पुण्याला आयटीत आहे तो, मध्यस्थ सुचवला. पोर्ट ५८७, पासवर्ड देऊन दुसऱ्याच्या सर्व्हरमार्फत पाठवायचं. रिले म्हणतात त्याला.

गुरुवारी रात्री रिले लागला आणि... अहो, इथेच तर गंमत! अडकलेले मेल पोस्टफिक्स टाकून देत नाही, पाच दिवस रांगेत धरून ठेवतं. पोरानं रांग सोडली आणि साचलेले सगळे टेस्ट मेल सटासट देवपुरात!

मजकूर काय, तर जातच नाहीत म्हणून सुचेल ते लिहिलेलं. 'आत्याची शेवभाजी म्हणजे नुसती तेलाची तर्री, टेस्ट.' 'आत्या घोरते, टेस्ट.' वहिनींनी वाचलं, चेहरा खर्रकन उतरला. भाऊजी हळूच, "परत नाही का बोलावता येत?" पोरगं म्हणे, पोचला तो पोचला. वर अक्कल शिकवतोय, टेस्टसाठी म्हणून डॉट टेस्टवाले पत्ते १९९९ पासून राखीव आहेत, ते कुणाच्या घरी जातच नाहीत. मग मेल्या, तेच नाही का वापरायचे?

सकाळीच आत्याबाईंचा फोन. ओरडल्या? छे! गोड आवाजात, "रविवारले येसू. शेवभाजी मीच करसू." तेव्हापासून वहिनी पोराच्या मागे लागल्यात, तुझा तो पोर्ट पुन्हा बंद कर म्हणून.

जेवायला मलाही बोलावलंय. सोमवारी सांगते हं सगळं.