क्षुद्रवस्तुमीमांसा: विद्यापीठीय उपग्रहाच्या संदर्भात

विद्यापीठांतील अवकाश केंद्रांवर आजवर जे लिहिले गेले, ते अग्निबाण, कक्षा आणि देशाचा अभिमान या तीन थोर विषयांभोवतीच घुटमळत राहिले. मेजर टेप, चिकटपट्टी, दोरा, चपला आणि शेंगदाणे यांच्याकडे एकाही विद्वानाने ढुंकून पाहिलेले नाही. ही उणीव भरून काढणे हा प्रस्तुत प्रबंधाचा हेतू आहे. सिद्धान्त आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या वाचकाला चहाला जाता येईल: उपग्रहातली वस्तू जितकी स्वस्त, तितका उपग्रहाचा जीव तिच्यात अधिक.

१. डबा

१९९९ साली अमेरिकेतल्या कॅल पॉलीचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी विद्यार्थ्यांच्या उपग्रहाचे माप ठरवले: दहा सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद, तेवढेच उंच. यालाच क्यूबसॅट म्हणतात. हे माप कोणत्या गहन समीकरणातून आले, असे जिज्ञासू विचारतील. ते आले बीनी बेबी नावाच्या कापडी खेळण्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यावरून. ट्विग्ज यांनी तो डबा घेतला, त्यावर सौरघट किती मावतील याचा अंदाज केला, आणि जगभरच्या विद्यार्थ्यांचे भाग्य त्यात बंद झाले.

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ याच मापाचा, वजनाला सुमारे एक किलो. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने एकूण वीस उपग्रह नेले. त्यांत मानाचा कार्टोसॅट-२ मालिकेतला, ७२७.५ किलोचा. नवरदेवाच्या गाडीत कुणाच्या तरी मांडीवर बसून वऱ्हाडाला जाणारे धाकटे पोर असते, तसा स्वयम् गेला. पोराला खिडकी मिळाली की नाही, हे महत्त्वाचे नाही, ते पोचले.

२. मेजर टेप

डब्याची बाजू दहा सेंटिमीटर, आणि हॅम रेडिओच्या १४५ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी लागणारी पाव-तरंग अँटेना सुमारे पन्नास. हा पेच जगातल्या अनेक केंद्रांनी सुताराच्या खिशात हात घालून सोडवला. पोलादी मेजर टेप गुंडाळली तर गुंडाळून राहते, आणि सोडली तर कोणाच्याही मदतीशिवाय ताठ उभी राहते. हा गुण माणसांतही विरळा.

गुंडाळलेली टेप नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात. बहुधा मासे पकडायच्या गळाचाच दोरा. दोऱ्याला टेकवून एक चिमुकला रोधक ठेवतात. वीज सोडली की रोधक तापतो, दोरा वितळून तुटतो, अँटेना सटकन उघडते. मात्र क्यूबसॅटच्या नियमाप्रमाणे, अग्निबाणातून सुटल्यावर किमान तीस मिनिटे काहीही उघडायचे नाही. म्हणजे नऊ-नऊ वर्षांच्या खटपटीनंतर उपग्रह अवकाशात जे पहिले कार्य करतो, ते अर्धा तास स्वस्थ बसण्याचे. सरकारी कचेरीत कधी गेलेल्या कोणालाही यात नवल वाटू नये.

दोरा बांधण्याचा विधी जवळून पाहण्याजोगा असतो. एक जण अँटेनेवर बोट दाबून धरतो. दुसरी चिमट्याने दोरा रोधकाखालून ओवते. तिच्या मनगटाला स्थिर विजेचा पट्टा, त्याची वायर टेबलाला. तिसरा काहीच करत नाही, फक्त ‘हळू’ म्हणतो. गाठ बसते. मग चाचणीसाठी ती जाळतात. मग पुन्हा बांधतात. निर्वात कक्षात जाळतात, थंडीत जाळतात, तापवून जाळतात. ज्या गाठीवर सारे भवितव्य, ती एकदाच सुटायची असते. पण ती सुटते हे कळण्यासाठी तिच्या डझनभर बहिणी आधी खर्ची पडतात.

येथे एक शास्त्रार्थ उद्भवतो. टेपवरचे इंच बाहेरच्या बाजूला असावेत की सेंटिमीटर? इंचवादी म्हणतात, अमेरिकेतून आलेली विद्या, तिचा मान राखावा. सेंटिमीटरवादी दशमानाचा दाखला देतात. उभय पक्षांची चूक एकच: निर्वातात रंगाचा भरवसा नसतो, तेव्हा आकडे आधीच खरवडून काढावेत हे उत्तम. अवकाशात तसेही कोणी तिच्याने काही मोजणार नाही.

३. चिकटपट्टी

उपग्रहाच्या अंगाला लागते ती कॅप्टॉन फिल्मची पट्टी, मधाच्या रंगाची; ही फिल्म उणे २६९ पासून ४०० अंश सेल्सियसपर्यंत टिकते. साध्या पट्टीचा डिंक निर्वातात वाफ होऊन सुटतो आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसतो. म्हणून नेहमीचा निकष असा, की निर्वातात तापवल्यावर पदार्थाचे वजन एक टक्क्याहून अधिक घटू नये आणि थंड पृष्ठभागावर जमणारा भाग ०.१ टक्क्याच्या आत असावा.

परंतु केंद्राचे खरे वाङ्मय साध्या पट्टीवर लिहिलेले असते. ‘हात लावू नये.’ ‘चालत नाही, फेकू नये.’ ‘ही वायर कशाची माहीत नाही, काढली की सगळे बंद पडते.’ हे लेख कोणी लिहिले, हे केंद्रातल्या कोणालाही ठाऊक नसते, आणि त्याचे कारण गंभीर आहे. आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’चे काम २००७ साली सुरू झाले आणि तो २६ सप्टेंबर २०१६ रोजी उडाला. पदवी चार वर्षांची. ज्याने उपग्रह कल्पिला तो पास होऊन गेला. त्याने ज्याला शिकवले तोही गेला. संगणकात अहवाल असतातच, पण ते वाचायला वेळ लागतो. पट्टी वाचायला लागत नाही. विद्यापीठीय उपग्रहाची गुरुशिष्यपरंपरा ड्रॉवरच्या कडेला चिकटलेली असते, आणि तिचा एक कोपरा नेहमी सुटलेला असतो.

४. चपला

आयएसओ ८ दर्जाच्या स्वच्छ खोलीत एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे ३५,२०,००० कण चालतात. आकडा ऐकून पुणेकर घराकडे अभिमानाने पाहू लागेल. त्याने तसे करू नये. या खोलीतली सर्वांत मोठी धूळ माणूसच. म्हणून बाहेर चपला काढायच्या, आत वेगळ्या घालायच्या, केसांवर टोपी, अंगावर झगा. चपला कोणत्या रेषेपाशी काढायच्या, यावर केंद्रात जेवढा वाद होतो, तेवढा कक्षेच्या उंचीवर होत नाही; कारण उंची अग्निबाणाचा मुख्य प्रवासी ठरवतो आणि रेषा आपल्याला आखता येते.

५. दहा मिनिटे

पाचशे किलोमीटरवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीला फेरी घालतो आणि आपल्या गच्चीवरच्या अँटेनेला फार तर दहा-बारा मिनिटे दिसतो. एकदम वीस उपग्रह सुटले असतील तर त्यांतला आपला कोणता, हेही पहिले काही दिवस नक्की नसते; हॅमचा परवाना असलेला विद्यार्थी कान लावून, डॉप्लरने सरकणारा सूर पकडून तो ओळखतो.

उलट उपग्रहाला आपले ऐकू न येण्याचाही पूर्वदाखला आहे. सरे विद्यापीठाच्या यूओसॅट-१ चे दोन्ही बीकन १९८२ साली चुकून एकदम चालू झाले आणि स्वतःच्याच आवाजात त्याला जमिनीवरच्या आज्ञा ऐकू येईनात. काही महिन्यांनी स्टॅनफर्डच्या १५० फुटी डिशवरून दरडावले, तेव्हा स्वारी गप्प झाली. सभेतल्या अनेक वक्त्यांवर हा उपाय करून पाहण्यासारखा आहे.

६. शेंगदाणे

कॅलटेक चालवत असलेल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत १९६४ साली, आधीची सहा रेंजर याने अयशस्वी झाल्यावर, सातव्याच्या वेळी नियंत्रणकक्षात शेंगदाणे वाटले गेले. रेंजर-७ ने चंद्राची छायाचित्रे पाठवली, आणि तेव्हापासून दाणे फिरतात. दाण्यांमुळे यश आले याला पुरावा नाही. पण दाणे न खाता यान पाठवून पाहण्याचा प्रयोग करायला त्या थोर शास्त्रज्ञांपैकी कोणी राजी नाही. खारे की भाजके, हा प्रश्न पुढील संशोधकांवर सोपवतो.

७. डेडस्टॉक

विद्यापीठात घेतलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढते आणि वर्षातून एकदा तिची प्रत्यक्ष पडताळणी होते. उपग्रह टिकाऊ आहे, महाग आहे आणि जागेवर नाही. सबब पडताळणी अधिकाऱ्यास वेळेवर गच्चीवर न्यावे, दहा मिनिटांत बीप ऐकवावी आणि सूर मावळायच्या आत सही घ्यावी.

निर्लेखन त्याहून अवघड. यूओसॅट-१ हा ६ ऑक्टोबर १९८१ ला उडाला आणि १३ ऑक्टोबर १९८९ ला वातावरणात जळून संपला. अशा वस्तूचे भंगार उरत नाही, त्यामुळे भंगारवाल्यांची तीन कोटेशने मागवता येत नाहीत. ‘वापरात असताना झिजली’ असा शेरा मारावा. लाखाच्या वस्तूबद्दल पुढे कोणी विचारत नाही. अँटेनेसाठी कापून उरलेली मेजर टेप मात्र वर्कशॉपला परत केल्याची पावती फायलीला जरूर लावावी. ऑडिटवाले नेमकी तीच मागतात.