हळदीची रात्र आणि घरचा ॲम्प्लिफायर

गोदाकाठच्या शहागडसारख्या गावी घरगुती हळदीत दागिन्यांवर करडी नजर असते, मात्र आवाजाच्या बटणापाशी नवरदेवाच्या मामांना मुक्तद्वार असते. ॲम्प्लिफायर, म्हणजे क्षीण विद्युतसंकेत वाढवून स्पीकरला पुरवणारे यंत्र, कुवतीपलीकडे ताणले गेले की लहरींचे माथे छाटले जातात. या छाटणीला क्लिपिंग म्हणतात, आणि तिच्यातून उपजणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ऊर्जेने ट्वीटरची, म्हणजे बारीक स्वर काढणाऱ्या छोट्या स्पीकरची, केसासारखी तार जळते व खापर बिनदिक्कत विजेवर फुटते. रात्री १० नंतर ध्वनिवर्धकांना आवर घालणारे २००० सालचे नियम शेजाऱ्यांच्या कानांसाठी असले, तरी त्यांचा खरा लाभार्थी हा मुका ट्वीटरच होय. सावध यजमान बटणच उपसून खिशात घालतो. तेव्हा मामा रिमोट शोधू लागतात.