सायकल खांद्यावर, टीम वाऱ्यावर

पैसे खर्चून सायकल घ्यायची आणि ती खांद्यावर टाकून चिखलातून पळायचं, या प्रकाराला बेल्जियममध्ये सायक्लोक्रॉस म्हणतात. आपल्याकडे त्याला वडखळमार्गे अलिबागला जाणं म्हणतात. फरक एवढाच, की तिकडे शेवटी पदक मिळतं.

खेळ जुना आहे. फ्रान्समध्ये १९०२ साली त्याची राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० साली पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ती जाँ रोबिकनं जिंकली. तो त्याच्या तीन वर्षं आधी टूर द फ्रान्सही जिंकलेला गडी, म्हणजे रस्त्याची चैन उपभोगून झाल्यावर खड्ड्यात उतरलेला. शर्यत साधारण तासाभराची. तीनेक किलोमीटरचा फेरा, त्यात चिखल, वाळू, पायऱ्या, चढ आणि मुद्दाम आडव्या ठोकलेल्या ४० सेंटिमीटर उंचीच्या फळ्या. फळी आली की चालत्या सायकलवरून उतरायचं, सायकल उचलून उडी मारायची आणि पळता पळता टांग मारून पुन्हा बसायचं. टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. म्हणजे वाळूत रुतायची सोय नियमातच करून ठेवली आहे.

आमच्या परिचयातल्या हौशी मंडळींनी हा खेळ मोबाइलवर पाहिला आणि खेळ कळायच्या आत टीम स्थापन झाली. गणेशमंडळाची घटना जशीच्या तशी उचलली: कॅप्टन, उपकॅप्टन, खजिनदार, दोन सल्लागार. सायकल चालवणारा असा कोणी नेमायचा राहून गेला. जर्सी मात्र आली. तिच्या पाठीवर प्रायोजकाची एवढी नावं, की सभासदाचं नाव पोटावर छापावं लागलं. ते वाचायला जागाही तिथेच भरपूर होती. सायकलचं वजन शंभर ग्रॅमनं कमी करण्यासाठी उपकॅप्टननं जेवढे पैसे मोजले, तेवढ्यात त्याला स्वतःचं वजन दहा किलोनं कमी करून देणारा माणूस मिळाला असता.

जागा ठरली रायगडचा किनारा. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, त्यामुळे सायकली गाडीत, गाडी बोटीत आणि खेळाडू वातानुकूलित कक्षात, अशी खडतर मोहीम काढता येते. ‘अलिबागसे आया है क्या?’ या वाक्प्रचारानं तालुक्याची बदनामी होते, म्हणून एक अलिबागकर थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. २०१९ साली न्यायालयानं ती याचिका फेटाळली. याचिकाकर्त्यांनी घाई केली, असं आमचं नम्र मत आहे. मांडव्याच्या जेट्टीवर रविवारी सकाळी हेल्मेट, काळा चष्मा आणि चड्डीला शिवलेली गादी अशा वेशात उतरणारे मुंबईकर पुराव्यादाखल सादर केले असते, तर अलिबागमध्ये येतं कोण आणि शहाणं कोण, याचा निकाल तिथल्या तिथे लागला असता.

मार्ग आखायला टीमला कष्ट पडले नाहीत. फळ्या ठोकायच्या तर गतिरोधक होतेच. शासन त्यांना पांढरे पट्टे मारत नाही, तेव्हा अडथळा अनपेक्षित असण्याची सोयही आपोआप होते. रस्त्याच्या कामाचे फलक ठिकठिकाणी होते, काम कुठे होतं ते मात्र फलकाखेरीज दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. याच तालुक्यात आक्षीला शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा मराठी शिलालेख आहे. शिलाहार राजांच्या त्या जमान्यात दिलेलं दान मोडणाऱ्यासाठी दगडावर गाढव कोरून असा काही शाप देत, की तो रविवारच्या पुरवणीत छापता येत नाही. शिलाहारांना निविदाप्रक्रिया ठाऊक नसेल, पण ठेकेदाराला काय दाखवावं हे पक्कं ठाऊक होतं. सार्वजनिक बांधकाम खात्यानं आपल्या फलकांवर निदान गाढव तरी छापावं.

वाळूचा टप्पा ठेवला होता आक्षी-नागावच्या पुळणीवर. बेल्जियममध्ये कोक्साइड नावाच्या गावी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून शर्यत होते आणि तिथे भलेभले उतरून सायकल ढकलतात, असं कॅप्टननं भाषणात सांगितलं. कॅप्टनचा अभ्यास दांडगा. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला त्याच्या हृदयाचे ठोके, रक्तातला प्राणवायू आणि काल रात्रीची झोप हे सगळं कळत होतं. समुद्राचं कळत नव्हतं.

किनाऱ्यावरच्या कोणत्याही कोळ्याला घड्याळाशिवाय भरती सांगता येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, थोडं इकडेतिकडे. त्या रविवारी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. टीमनं मुहूर्त काढला होता आठचा. ओहोटीला ही वाळू अशी घट्ट बसते की तिच्यावरून बैलगाड्या धावतात. भरतीत तीच वाळू पाय सोडत नाही. मासळी निवडत बसलेली एक बाई दोनदा ओरडली, “पानी भरतंय, दिसत नाय काय?” टीमला वाटलं, प्रोत्साहन देतेय. उपकॅप्टननं तिला अंगठा दाखवला. पाचव्या मिनिटाला लाट चाकात शिरली, आणि ग्रॅमच्या हिशेबानं घेतलेली सायकल वाळू आणि खारं पाणी पिऊन पोत्यासारखी जड झाली. तिला खांद्यावर घेऊन उपकॅप्टन सुरूच्या बनाकडे निघाला, तेव्हा टीममधलं पहिलं खरं सायक्लोक्रॉस घडलं. फोटो काढणारा मात्र तेव्हा स्वतःचा बूट शोधत होता.

पुढचा टप्पा शेताच्या बांधांवरून. भात कापून झालेलं, आणि त्याच जमिनीत अलिबागचा पांढरा कांदा लावलेला. हाच तो जीआय मानांकन मिळालेला, माळ घालून विकायचा कांदा. वाफ्यांना नुकतंच पाणी सोडलेलं. बांध हातभर रुंद. खजिनदार बांधावरून थेट वाफ्यात गेला आणि बराच वेळ तिथेच रमला. मालक आला, रोपं मोजली, रक्कम सांगितली. टीमच्या इतिहासात खजिनदाराला प्रथमच काम मिळालं.

हा व्यवहार चालू असताना मागून भोंगा वाजला. पाववाला. काळी जुनी सायकल, कॅरिअरला बांधलेली पाटी, तिच्यावर प्लॅस्टिक. त्याचे टायर ३३ मिलिमीटरचे होते की नाही हे कोणी मोजलं नाही, पण ते गुळगुळीत होते एवढं दिसलं. बांध तुटला होता तिथे त्यानं चालत्या सायकलवरून उजवा पाय मागून काढला, डाव्या पॅडलवर उभा राहिला, घसरत उतरला. एक हात हॅंडलला, एक पाटीला. दोन पावलांत चर ओलांडला, डावा पाय पॅडलवर ठेवून दोनदा जमीन ढकलली, टांग मारली आणि गेला. एक पाव हलला नाही. हेच उतरणं-चढणं शिकायला टीमनं ऑनलाइन शिकवणीची फी भरली होती. कॅप्टननं त्याला हाक मारून टीममध्ये यायचं निमंत्रण दिलं. त्यानं न थांबता विचारलं, “किती पाव देऊ?”

निकाल अर्थातच वादात सापडला. सगळ्यांच्या पुढे नागावात पोचलेला सल्लागार टेम्पोतून आला होता, असा आरोप झाला. तसं यात नवीन काही नाही. २०१६ च्या जागतिक सायक्लोक्रॉस स्पर्धेत एका खेळाडूच्या सायकलच्या नळीत चक्क मोटर सापडली होती. आमच्या सल्लागारानं निदान मोटर लपवली नव्हती, तिच्यात बसून वडापाव खाल्ला होता. आता त्याच वाळूवर धावणाऱ्या बैलगाड्यांचं बघा. बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राला अटींसह परवानगी दिली आणि २०२३ साली घटनापीठानं त्यावर शिक्का उठवला. या साऱ्या काळात बैलाला क्लेश होतात का, यावर देशभर खल झाला. सायकलला काय होतं, हे विचारायला कोणी आलेलं नाही.

टीम आता पुढच्या हंगामाच्या तयारीला लागली आहे. नव्या जर्सीचा रंग ठरायचा आहे. तोवर इतर टीमना एवढीच विनंती: तिथी बघून या, घरी गेल्यावर सायकल गोड्या पाण्यानं धुवा, कांद्याच्या वाफ्यात शिरू नका. आणि मागून भोंगा वाजला, तर बाजूला व्हा. त्या माणसाला नऊच्या आत पाव पोचवायचे असतात.