बदकांची गोधडी

अहो, ऐकलंत का? या ना अशा कुंपणाशी, मोठ्यानं बोलायची सोय नाही. कोपऱ्यावरच्या काकूंच्या सुनेनं गोधडी शिवली. मशीनवर! नुसती शिवली नाही हो, नक्षीच्या टाक्यांनी. वेली, पानं, आणि काठभर एकामागोमाग एक बदकं. नवीन कॉम्प्युटरवालं मशीन ना तिचं, बटण दाबलं की बदक.

लालबागेत मालवा उत्सवाला जायचं म्हणून आम्ही सगळ्या तिच्याकडे जमलो होतो, ऊन उतरायची वाट बघत. तिनं मोठ्या हौसेनं गोधडी पसरली. काकू म्हणाल्या, "गोधडीला धावदोराच शोभतो बाई. ही काय वरात काढलीस?" पोरीचं तोंड असं उतरलं म्हणता!

आणि बँकवाल्या वहिनी... त्यांना कुठलं गप्प बसवतंय. त्यांनी गोधडी उलटीच केली. मागे सगळं दोऱ्यांचं जाळं! सॅटिनचा टाका इतका दाट, की गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहील. आणि कापड कुठलं, तर काकूंचीच जुनी महेश्वरी! ताणा रेशमाचा, बाणा सुती. जुन्या रेशमात सुई पुन्हापुन्हा तिथल्या तिथे टोचत राहिली की भोकांची रांगच पडते, मग कापड त्याच रेघेवर सुटतं. सुटलंच होतं! आता तोंड काकूंचं बघायचं होतं. साडी दिली कुणी, विचारायची सोय नाही.

तर काय सांगत होते... हां, बदकं. निम्मी बदकं चेपलेली! का? बदक काढायला मशीन कापड पुढेही नेतं, मागेही. हिनं लावला होता वॉकिंग फूट. तो वरचा थर खालच्या दातांबरोबर पुढे सरकवतो, चुण्या पडू नयेत म्हणून. मागे जाणं त्याला माहीतच नाही. वहिनी म्हणाल्या, "बदकं रुमालावर काढ. गोधडीला मोकळे टाके घे, नागमोडी घे, पिसाचा घे, लांबी वाढव. आणि आधी तेवढ्याच थरांच्या चिंधीवर चालवून बघ." सून गुपचूप ऐकून राहिली होती. काकूही, पण पदर सारखा केल्याचं नाटक करत.

पुढची गंमत ऐका. पोरीला लालबाग राजवाड्याच्या फाटकाची वळणं हवी होती गोधडीवर! होळकरांनी बकिंगहॅमसारखं हवं म्हणून ते इंग्लंडात ओतवून घेतलं, जहाजानं आणवलं, आणि हिला ते बटणात सापडायला हवं. वहिनी हसल्याच. तशी वळणं काढायची तर दात खाली पाडून, दुसरा फूट लावून, कापड आपल्या हातानं फिरवायला लागतं. मशीन नुसतं टोचणार, काढणार तुम्ही.

मग दुसरी केली तिनं. काय सुरेख, अहो! महेश्वरीच्या काठाला लहर असतेच ना, नर्मदेची, तिच्या कडेकडेनं नागमोडी टाका, दोरा काठाच्याच रंगाचा. हात थोडा हलला तरी कळत नाही. सुरुवात मधूनच, म्हणजे फुगवटा कडांकडे निघून जातो. एवढंच, की असल्या टाक्याला दोरा जातो मरणाचा. नक्षी अर्धी झाली आणि बॉबिन संपली, तर पुन्हा तिथूनच जुळवता जुळवता नाकी नऊ येतात, म्हणून बॉबिनी आधीच भरून ठेवायच्या.

आणि काकू? अहो, परवा पोह्यांना आलेल्या पाहुण्यांना स्वतः गोधडी उलगडून दाखवून राहिल्या होत्या, "ही आमची हातची." आमची! बॉबिनी कुणी भरल्या, तेवढं विचारा त्यांना.